पाणी कोणी तापवले?

जालन्याच्या माणसाला गरम पाण्याचा झरा पाहायचा असेल तर दोन वाटा आहेत. एक उत्तरेला, जळगाव जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या उनपदेवाची. दुसरी पूर्वेला, नांदेड जिल्ह्यातील किनवट भागातल्या उनकेश्वराची. दिवाळीच्या सुटीत आम्ही दुसरी वाट धरली. आम्ही म्हणजे जालन्यातले दोन शिक्षकमित्र, अकरावीची पाच मुले आणि संशोधनाच्या धंद्यात पडलेले आम्ही स्वतः. सोबत प्रयोगशाळेतली एक तापमापी होती.

गाडीत वेळ घालवायला आम्ही मुलांना नावांचे कोडे घातले. उनपदेव, उनकेश्वर, कोकणातले उन्हवरे, राजापूरजवळचे उन्हाळे. या नावांत समान काय? ‘ऊन’ हा शब्द संस्कृत ‘उष्ण’पासून प्राकृत ‘उण्ह’ या रूपातून मराठीत आला. आजीच्या तोंडी ‘ऊन पाणी’ अजूनही असते. म्हणजे तापमापीचा शोध लागण्यापूर्वीच लोकांनी निरीक्षण करून नोंद ठेवली होती. ती वहीत नव्हे, गावाच्या नावात ठेवली होती, इतकेच.

निरीक्षण पक्के होते. स्पष्टीकरण मात्र कथेतले होते. उनपदेव आणि उनकेश्वर या दोन्ही ठिकाणी एकच कथा सांगतात: शरभंग ऋषींची व्याधी दूर व्हावी म्हणून रामाने बाण मारला आणि जमिनीतून गरम पाणी आले.

कुंडाकाठी मुलांनी सकाळी आणि दुपारी तापमान घेतले. आकडा जवळजवळ तोच आला. मग एकीने विचारले, “सर, उन्हाने तापत नाही, चूल तर नाही, मग हे पाणी तापवतो कोण?” एक शिक्षक म्हणाले, “खाली गंधक आहे.” दुसरे म्हणाले, “दख्खनचा लाव्हा अजून आतून निवालेला नाही.” आम्हाला हसू आले नाही, कारण शाळेत असताना परीक्षेत आम्हीही हेच लिहून गुण मिळवले होते. या दोन उत्तरांची तपासणी तिथेच सुरू झाली.

गंधक जळायला ऑक्सिजन हवा. पाण्याने भरलेल्या खडकाच्या भेगांत हजारो वर्षे जळत राहील इतका ऑक्सिजन येणार कोठून? काही झऱ्यांना वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड या वायूचा. पाण्यात विरघळलेल्या गंधकाच्या संयुगांपासून तो तयार होतो. तो गरम पाण्याचा सोबती आहे, पाणी तापवणारा नव्हे.

लाव्ह्याचे काय? दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. इतक्या काळात त्याची मूळची उष्णता कधीच निघून गेली. शिवाय याचा पुरावा आपल्या मराठवाड्यातच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले. काळा पाषाण ३३८ मीटरवर संपला आणि त्याखाली थोडा गाळाचा थर व मग प्राचीन ग्रॅनाइट लागला. काळ्या पाषाणाखाली लाव्ह्याचे तळे नाही, त्याहून कितीतरी जुनी जमीन आहे.

मग खरे उत्तर कसे मिळाले? त्याची सुरुवात एका यादीने झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेचे पहिले प्रमुख थॉमस ओल्डहॅम यांनी देशातल्या सुमारे ३०० उष्ण झऱ्यांची माहिती गोळा केली होती. १८७८ साली ते वारले. त्यांचे पुत्र रिचर्ड यांनी १८८२ साली ती यादी प्रसिद्ध केली. याच रिचर्ड ओल्डहॅमनी पुढे १९०६ साली भूकंपलहरींच्या आधारे पृथ्वीला गाभा असल्याचे दाखवले.

अशा यादीवर नजर टाकली की एक गोष्ट ध्यानात येते. झरे कुठेही नाहीत. ते पट्ट्यांत आहेत. कोकणातले झरे सह्याद्री आणि समुद्र यांच्यामध्ये उत्तर-दक्षिण रांगेत लागतात. जिथे जमिनीत खोल भेगा आहेत, तिथे झरे आहेत.

दुसरा धागा खाणींतून आला. खाण जितकी खोल, तितकी आत उष्णता जास्त. साधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस वाढ होते. या उष्णतेचा काही भाग पृथ्वीच्या जन्मापासूनचा आहे. उरलेल्या भागाचे कोडे किरणोत्साराने सोडवले. बेक्वेरेल यांनी १८९६ साली किरणोत्सार शोधला. १९०३ साली पिएर क्युरी आणि आल्बेर लाबोर्द यांनी रेडियम सतत उष्णता देत असल्याचे मोजून दाखवले. खडकांत युरेनियम, थोरियम व पोटॅशियम अल्प प्रमाणात असतातच. म्हणजे चूल आहे, पण ती एका जागी नाही. सगळ्या खडकांत मंद आचेवर पसरलेली आहे.

आता प्रश्न उरला पाण्याचा. १९०२ साली एडुआर्ड झ्यूस या नामवंत भूवैज्ञानिकाने मांडले की काही उष्ण झऱ्यांचे पाणी पृथ्वीच्या पोटातून प्रथमच वर येणारे, ‘नवजात’ पाणी आहे. कल्पना आकर्षक होती, पण तपासणार कशी? उत्तर साठ वर्षांनी आले. पावसाच्या पाण्यात जड हायड्रोजनचे प्रमाण ठिकाणागणिक थोडे बदलते. हार्मन क्रेग यांनी जगातल्या अनेक उष्ण क्षेत्रांतले पाणी मोजले आणि १९६३ साली इटलीतील स्पोलेतो येथील परिषदेत निष्कर्ष मांडले. गरम पाण्यातले जड हायड्रोजन तेथल्याच पावसाशी जुळत होते. ते पाणी प्रामुख्याने पावसाचेच होते.

इटलीचे नाव आले म्हणून सांगतो. तेथल्या लार्देरेल्लोत १९०४ साली जमिनीतल्या वाफेवर पाच विजेचे दिवे लावले गेले. तिथे उथळ खोलीवर तप्त शिलारस आहे. आपल्याकडे तसे नाही. त्यामुळे ‘गरम झरा म्हणजे ज्वालामुखी’ हे समीकरण एका देशातून दुसऱ्या देशात उचलून नेता येत नाही.

आमच्या मुलांनी कुंडाकाठीच गणित मांडले. उन्हवऱ्याचे पाणी सुमारे ७० अंश. जमिनीवरचे सरासरी तापमान २७ धरले, तर फरक ४३ अंशांचा. किलोमीटरला ३० अंश धरले, तर पाऊस किमान जवळजवळ दीड किलोमीटर खाली जाऊन आला. वर येताना ते थोडे निवते, म्हणजे खोली त्याहून अधिकच.

एक प्रसंग मात्र गणिताबाहेरचा. एक गृहस्थ आपल्या मुलाच्या दंडावरचा फिकट चट्टा कुंडाच्या पाण्याने धूत होते. चट्ट्याला टोचलेले कळत नव्हते. गरम पाण्याने आखडलेले सांधे मोकळे होतात, हे खरे. पण बधिर चट्टा हे कुष्ठरोगाचे लक्षण असू शकते. त्याचा जंतू हॅन्सेन यांनी १८७३ सालीच पाहिला, आणि बहुविध औषधोपचाराने हा रोग पुरता बरा होतो. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. शिवाय बधिर कातडीला भाजलेले कळत नाही, म्हणून कढत पाणी तिथे धोक्याचेच. आम्ही श्रद्धेविषयी अवाक्षर काढले नाही. “अंघोळ झाली, आता उद्या दवाखान्यात जा,” एवढेच सांगितले. ते हो म्हणाले.

शाळेत करण्याजोगे काम जवळच आहे. पावसापाण्याचा, वर्षभराच्या थंडीउन्हाचा परिणाम जमिनीखाली दहा-पंधरा मीटरवर जवळजवळ संपतो. म्हणून विहिरीचे पाणी थंडीत ऊन लागते. जालना जिल्ह्यात खोल बोअरची वाण नाही. डिसेंबरच्या सकाळी उथळ विहिरीचे आणि पंप पंधरा मिनिटे चालवून दोनशे मीटर खोल बोअरचे तापमान घ्या. मे महिन्यात पुन्हा घ्या. बोअरला पाणी वेगवेगळ्या खोलीवरून लागते, त्यामुळे आकडे पुस्तकातल्यासारखे जुळणार नाहीत. का जुळत नाहीत, हे मुलांना शोधू द्या. ‘खाली गंधक आहे’ हे उत्तर आमच्या पिढीने पाठ केले. पुढच्या पिढीने ते निदान मोजून खोडावे.