फेरेटच्या खेळाच्या खोक्यात काय भरावं? तांदूळ चालतो, मग राजमा का नाही?

इन्स्टाग्राम किंवा यूट्यूबवर हा व्हिडिओ एकदा तरी समोर आलेला असतो. मुंगसासारखा दिसणारा एक लांबुळका प्राणी तांदळाने भरलेल्या प्लास्टिकच्या टबात सूर मारतो, नाकाने तांदूळ उपसत आतून पुढे सरकतो, दुसऱ्या टोकाला डोकं वर काढतो आणि मग वेड्यासारख्या उड्या मारायला लागतो. खाली कमेंटमध्ये दोन गट पडलेले असतात. एक म्हणतो "किती गोड!", दुसरा म्हणतो "अन्नाची नासाडी." तिसरा प्रश्न मात्र फार कमी जण विचारतात. हा खेळ त्या प्राण्यासाठी सुरक्षित आहे का?

तो प्राणी म्हणजे फेरेट आणि त्या टबाला त्याचे पालक 'डिग बॉक्स' म्हणतात. थोडक्यात, उकरण्याचं खोकं. खोकं चांगलंच आहे, फेरेटला त्याची गरजही आहे. पण आत काय भरलंय यावर सगळं ठरतं. चुकीची वस्तू भरली तर खेळाचा शेवट थेट ऑपरेशन टेबलवर होऊ शकतो.

आधी एक गैरसमज दूर करू. फेरेट म्हणजे मुंगूस नव्हे. मुंगूस हा मांजराच्या बाजूचा प्राणी, तर फेरेट हा पाणमांजराच्या कुळातला. दुसरं म्हणजे आपल्याकडचं मुंगूस १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहे. रील बघून ते पकडून पाळणं हा गुन्हा आहे.

उकरण्याचं एवढं वेड कशासाठी?

फेरेट हा युरोपातल्या पोलकॅट या रानटी प्राण्यापासून माणसाने माणसाळवलेला. पोलकॅट बिळात राहतो आणि बिळात शिरून शिकार करतो. माणसाने त्याचा हाच गुण वापरला. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो याने स्पेनमधल्या सशांच्या उपद्रवाबद्दल लिहिलंय. शेतं फस्त करणाऱ्या सशांना बिळाबाहेर काढण्यासाठी तिथले लोक तोंडाला मुसकं बांधलेले प्राणी बिळात सोडत. हे फेरेटच असावेत असं मानलं जातं. ब्रिटनमध्ये फेरेट घेऊन सशांची शिकार आजही होते.

अरुंद भोकात शिरण्याची ही हौस विज्ञानाच्याही कामी आली. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, आज फर्मीलॅब म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगशाळेत, ३०० फूट लांबीच्या नळ्या आतून साफ करायच्या होत्या. त्यासाठी फेलिशिया नावाची एक फेरेट आणली गेली. ती दोरी घेऊन नळीतून पलीकडे जायची आणि मग त्या दोरीला बोळा बांधून नळी पुसून काढली जायची. नळीत घाण करू नये म्हणून तिला लंगोटही शिवला होता!

आता असा प्राणी फ्लॅटमध्ये ठेवला तर तो काय उकरणार? गालिचा, सोफ्याची शिवण, कुंडीतली माती आणि त्याचंच पाण्याचं भांडं. दिवसातले १४ ते १८ तास फेरेट झोपतो हे खरं, पण उरलेल्या वेळात त्याला स्वस्थ बसवत नाही. खोकं हे त्या ऊर्जेला दिलेलं हक्काचं ठिकाण आहे.

धोका नक्की कुठे आहे?

दोन ठिकाणी. नाकात आणि आतड्यात.

फेरेट कुत्र्यासारखा फक्त पंजाने उकरत नाही. तो तोंड खुपसतो. नाक मालाच्या आत घालून वास घेत घेत पुढे जातो. म्हणजे खोक्यात जी काही धूळ असेल ती सरळ त्याच्या श्वासात जाते. एक-दीड किलोच्या प्राण्याची फुप्फुसं केवढीशी असणार?

आतड्याची गोष्ट जास्त गंभीर आहे. फेरेट पक्का मांसाहारी. त्याचं आतडं आखूड आणि अरुंद असतं, खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. मांस पचवायला हे उत्तम. पण रबराचा तुकडा, कापडाची चिंधी किंवा फुगलेला दाणा आला की तो तिथेच अडकतो. आणि फेरेटला, विशेषतः वर्ष-दोन वर्षांच्या पिल्लांना, रबर आणि फोम चावायचं जबरदस्त वेड असतं. पेन्सिलीचा खोडरबर, इअरफोनची टोपी, रिमोटची बटणं, स्लिपरचा पट्टा, काहीही. आतड्यात वस्तू अडकून शस्त्रक्रिया करावी लागणं हे फेरेटच्या बाबतीत काही विरळा प्रकरण नाही.

म्हणून कोणतीही वस्तू खोक्यात घालण्याआधी तीन गोष्टी बघायच्या. मूठभर माल उन्हाच्या तिरपेत चोळून पाहा. धूर उडाल्यासारखी धूळ दिसली तर तो बाद. थोडा माल रात्रभर पाण्यात ठेवा. दुप्पट फुगला किंवा त्याचा गोळा झाला तरी बाद. आणि नखाने टोचून पाहा. तुकडा निघत असेल तर फेरेटच्या दातांनी तो नक्कीच निघेल.

सगळ्यात निर्धास्त पर्याय

पहिलं नाव प्लास्टिकच्या चेंडूंचं. लहान मुलांच्या 'बॉल पिट'मध्ये असतात ते, मोठ्या लिंबापेक्षाही मोठे. गिळता येत नाहीत, धूळ नाही, धुता येतात. फेरेट त्यात अक्षरशः पोहतो. फक्त चेंडू कडक हवेत. दाबल्यावर चेपणारे, मऊ किंवा फोमचे नकोत. आणि तडा गेलेला चेंडू लगेच काढून टाकायचा, कारण त्याच्या धारेवर चावा बसतो.

दुसरं म्हणजे साधा कागद. सामानाच्या खोक्यात येणारा तपकिरी कागद चुरगाळून, किंवा वर्तमानपत्राच्या रुंद पट्ट्या करून. पैसे पडत नाहीत, खराब झाला की फेकून दिला. स्टेपलरच्या पिना आणि चिकटपट्टी तेवढी काढून टाकावी. मासिकाचा गुळगुळीत कागद आणि चमकी लावलेला गिफ्टचा कागद नको. मशीनमधून निघणारा अगदी बारीक चुराही नको, त्याची धूळ फार.

जुन्या कापडाचे मोठे तुकडेही चालतात, पण सुटे धागे असता कामा नयेत. गिळलेला लांब धागा आतड्याला चुण्या पाडतो आणि कधी कधी कापतोही. टॉवेलच्या फासांत नखं अडकतात. त्यापेक्षा फ्लीसचं कापड बरं, त्याच्या कडा उसवत नाहीत. पण फेरेट कापड चावून खाणाऱ्यांपैकी असेल तर हा पर्याय विसरलेलाच बरा.

थंड देशांत हिवाळ्यात लोक टबात चक्क बाहेरचा बर्फ भरतात. उन्हाळ्यात उथळ पाणी आणि त्यावर तरंगणारे चार-सहा मोठे चेंडू. दोन्ही फुकट, आणि गिळलं तरी पाणीच!

तांदळाचं काय?

व्हिडिओमध्ये सगळ्यात जास्त दिसतो तो तांदूळ, आणि वादही त्याच्यावरच. कोरडा, कच्चा, लांब दाण्याचा पांढरा तांदूळ बरेच अनुभवी पालक वापरतात. फेरेटला धान्यात खाण्यासारखं काही वाटत नाही, त्यामुळे तो सहसा खात नाही. खेळताना चार दाणे गेले तरी ते लहान असल्यामुळे बहुधा निघून जातात. मात्र 'इन्स्टंट' म्हणून मिळणारा, आधीच शिजवून वाळवलेला तांदूळ अजिबात नको. तो पाणी लागताच फुगतो, पोटात तर नक्कीच.

मराठी घरांसाठी इथे एक वेगळीच मेख आहे. वर्षाचा तांदूळ भरताना त्याला किडे लागू नयेत म्हणून बोरिक पावडर लावायची पद्धत आपल्याकडे अजूनही आहे. आपण तांदूळ धुऊन घेतो. फेरेट धुवत नाही, तो त्यात नाक घालतो आणि नंतर अंग चाटतो. बोरिक पावडर पोटात जाणं त्याच्यासाठी विषारी आहे. तेव्हा डब्यातला साठवणीचा तांदूळ खोक्यात घालूच नये. दुकानातून आणलेला तांदूळही चाळणीने चाळून, कोंडा आणि पीठ काढून मगच वापरावा.

तांदूळ ओला झाला की बुरशी धरतो. फेरेटने त्यात एकदा जरी लघवी केली तरी सगळा तांदूळ टाकून द्यावा लागतो. म्हणजे अन्नाची नासाडी म्हणणाऱ्यांचा मुद्दा अगदीच चूक नाही. त्या हिशेबाने चेंडू स्वस्तही पडतात आणि मनालाही बरे वाटतात.

तांदूळ चालतो म्हणून डाळी, कडधान्यं चालत नाहीत. वाटाणा, हरभरा, राजमा हे गोल, गुळगुळीत आणि आतड्यात बरोबर बूच बसवतील अशा मापाचे असतात. शिवाय ओलावा मिळाला की फुगतात. रात्री भिजत घातलेले छोले सकाळी केवढे होतात हे आठवून पाहा. कच्च्या राजम्यात तर फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषही असतं, म्हणूनच तो माणसांनीही पुरेसा उकळल्याशिवाय खायचा नसतो.

माती आणि वाळू

फेरेटला खरा आनंद मातीतच मिळतो. पण कुंडीची तयार माती आणताना पिशवीवरचा मजकूर वाचायलाच हवा. त्यातले पांढरे हलके गोळे म्हणजे परलाइट, ते नकोत. रासायनिक खताचे दाणे नकोत. आणि बोनमील तर मुळीच नको, कारण हाडांच्या चुऱ्याचा वास आला की मांसाहारी प्राणी ती माती खेळायला नाही, खायला लागतो. सोसायटीच्या बागेतून उचललेल्या मातीत कीटकनाशक, उंदराचं औषध किंवा जंतांची अंडी असू शकतात. कोकोपीट वापरायचं असेल तर वीट पूर्ण भिजवून, पिळून, लांब तंतू काढून. कोरडं कोकोपीट धुळीसारखं उडतं.

परदेशात कोको बीनच्या टरफलांचं आच्छादन बागेसाठी मिळतं. त्याला चॉकलेटसारखा वास येतो आणि चॉकलेटमधलंच थिओब्रोमिन त्यात असतं. ते घरातही आणू नये.

बांधकामाची वाळू धुळीची आणि धारदार, त्यात सिमेंटही मिसळलेलं असू शकतं. लहान मुलांसाठी धुऊन विकली जाणारी वाळू त्यातल्या त्यात बरी, तीही किंचित ओली करून.

हे मात्र अजिबात नको

मांजराची गोळा होणारी लिटर. ती बेंटोनाइट मातीची असते आणि ओलावा शोषून घट्ट होते, नाकातही आणि पोटातही. मक्याच्या कणसाचा भरडा, तोही फुगतो. थर्माकोलचे गोळे आणि पॅकिंगचे फोमचे तुकडे. पॅकिंगचे काही तुकडे स्टार्चचे असतात आणि पाण्यात विरघळतात. पाण्यात टाकून खात्री केली तर ते थोडा वेळ चालतील. देवदार आणि चीड यांच्या लाकडाचा भुसा छान वास देतो, पण त्या वासातली रसायनंच श्वासनलिकेला आणि यकृताला त्रास देतात. सुताराकडच्या भुशात प्लायवूडचा डिंकही असतो.

खोकं लावताना

झाकणाचा मोठा प्लास्टिकचा डबा घ्यावा, बाजूला फेरेट आरामात जाईल एवढं भोक पाडावं आणि कापलेली धार घासून घ्यावी किंवा जाड पट्टीने झाकावी. झाकण असल्यामुळे माल घरभर उडत नाही. निदान कमी उडतो. खाली जुनी चादर अंथरली की आवरायला सोपं. भर चार-सहा इंच पुरते.

झोपेतून उठल्या उठल्या फेरेटला शी-शू करायची असते. तेव्हा आधी त्याला त्याच्या जागेवर जाऊ द्यावं, मग खोक्यात सोडावं. खेळ चालू असताना कुणीतरी समोर बसलेलं हवं. अर्धा तास पुरे, नंतर खोकं उचलून ठेवायचं.

एक चूक खूप जण हौसेने करतात. उत्साह वाढावा म्हणून मालात मांसाचे तुकडे किंवा खाऊ लपवतात. खाऊ शोधताना फेरेट आजूबाजूचं सगळं तोंडात घेतो. लपवायचंच असेल तर मोठा चेंडू किंवा पुठ्ठ्याची नळी लपवावी. नळी डोकं अडकणार नाही एवढी रुंद, नाहीतर उभी चिरलेली असावी.

पोटात काही गेलंय हे कसं ओळखायचं?

खाणं सोडणं, मलूल पडून राहणं, दात खाणं, पंजाने तोंड खाजवणं, ओकारीसारखं करणं. शी अगदी बारीक होणं, काळी डांबरासारखी होणं किंवा अजिबात न होणं. यातलं काहीही दिसलं तर "उद्यापर्यंत बघू" हा हिशेब इथे चालत नाही. ज्याचं अन्न तीन-चार तासांत बाहेर पडतं, त्याच्यासाठी एक रात्र हा फार मोठा वेळ असतो. घरी तेल पाजणं किंवा उलटी करवणं टाळावं. फेरेटचा अनुभव असलेल्या प्राण्यांच्या डॉक्टरांचा नंबर आधीच शोधून ठेवावा, भारतात तर हे आणखी गरजेचं, कारण असे डॉक्टर मोजकेच आहेत.

रबर, कापड आणि फोम एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसतीलच असं नाही. त्यामुळे दवाखान्यात जाताना खोक्यातला मूठभर माल आणि चावलेली वस्तू पिशवीत घालून सोबत न्यावी. पोटात काय शोधायचंय हे डॉक्टरांना त्यावरून कळतं.