प्रसूतिशिक्षण आणि मातेचे प्राण : किंग्ज कॉलेज रुग्णालयातील प्रयोग (१८६२–१८६७)

परिचर्येच्या इतर शाखांप्रमाणेच प्रसूतिपरिचर्याही केवळ व्याख्यानांनी साध्य होत नाही. वेणांची गती ओळखणे, योग्य क्षणी हात पुढे करणे व त्याहून कठीण म्हणजे हात आवरून धरणे, या गोष्टी विद्यार्थिनीला प्रत्यक्ष प्रसूतीच्या वेळीच शिकाव्या लागतात. त्यासाठी अनेक प्रसूती एका ठिकाणी घडून येणे सोयीचे असते. परंतु एकोणिसाव्या शतकात नेमके हेच एकत्रीकरण मातांच्या जिवावर बेतत होते. या विसंगतीचे स्पष्ट दर्शन लंडनमधील एका अल्पजीवी शाळेच्या इतिहासात घडते.

क्रिमियाच्या युद्धातील कार्याच्या गौरवार्थ १८५५ पासून जमलेल्या निधीतून फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० मध्ये सेंट टॉमस रुग्णालयात परिचारिकांची शाळा स्थापन केली, हे सर्वश्रुत आहे. याच निधीच्या साहाय्याने किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुईणींच्या शिक्षणाचीही व्यवस्था करण्यात आली, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. १८६१ मध्ये तशी योजना ठरली आणि १८६२ च्या आरंभी प्रसूतिकक्ष सुरू झाला. त्या रुग्णालयाची परिचर्या १८५६ पासून सेंट जॉन्स हाउस या धार्मिक भगिनीसंघाकडे होती व संघाच्या प्रमुख मेरी जोन्स यांच्या देखरेखीखाली विद्यार्थिनी शिकत. शिक्षणक्रम सहा महिन्यांचा होता. खेड्यापाड्यांतील गरीब स्त्रियांना शिकलेली सुईण मिळावी, हा त्यामागील हेतू होता.

हेतू उदात्त होता, देखरेखही दक्ष होती. तरीही कक्षात सूतिकाज्वराने प्रवेश केला. सुमारे सहा वर्षांत झालेल्या जवळजवळ ७८० प्रसूतींमध्ये २६ माता दगावल्या. म्हणजे मृत्यूचे प्रमाण दर हजारी ३३ च्या घरात गेले. १८६७ मध्ये कक्ष बंद करण्यात आला व त्याबरोबर शाळाही संपली.

नाइटिंगेल यांनी या अपयशावर पडदा टाकला नाही. १८७१ मध्ये त्यांनी प्रसूतिगृहांविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो सॉक्रेटिसाच्या मातेच्या स्मृतीस अर्पण केला. ती सुईण होती. स्वतःच्या शाळेचे आकडे त्यांनी त्यात इतर संस्थांच्या आकड्यांशेजारी मांडले. फ्रेंच शल्यवैद्य ले फोर यांनी १८६६ मध्ये निरनिराळ्या देशांची माहिती संकलित केली होती. तीनुसार प्रसूतिगृहांतील मातृमृत्यूचे प्रमाण दर हजारी ३४, तर घरी झालेल्या प्रसूतींत ४.७ होते. दोन्हीकडील स्त्रियांची परिस्थिती सारखी नसल्यामुळे ही तुलना काटेकोर मानता येत नाही. तथापि एवढ्या मोठ्या तफावतीचा उलगडा केवळ तेवढ्याने होत नाही.

शिक्षणाच्या परिस्थितीचा प्रश्न व्हिएन्नामध्ये पूर्वीच उभा राहिला होता. तेथील प्रसूतिरुग्णालयाच्या पहिल्या विभागात १८४० नंतर वैद्यकाचे विद्यार्थी व दुसऱ्या विभागात सुईणकाम शिकणाऱ्या स्त्रिया होत्या. १८४६ मध्ये पहिल्या विभागातील मृत्यू दर हजारी सुमारे ११४, तर दुसऱ्यातील २८ होते. वैद्यकाचे विद्यार्थी शवविच्छेदन करून प्रसूतिकक्षात येत. सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये क्लोरीनयुक्त द्रावणाने हात धुण्याची सक्ती केल्यावर, १८४८ मध्ये दोन्ही विभागांचे प्रमाण १३ च्या आसपास आले. किंग्ज कॉलेजचा कक्षही वैद्यकीय शाळा जोडलेल्या सर्वसाधारण रुग्णालयातच होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

नाइटिंगेल यांनी काढलेला निष्कर्ष शिक्षण थांबवावे असा नव्हता. शिक्षणाची जागा व रीत बदलावी, असा होता. प्रसूतिगृह सर्वसाधारण रुग्णालयापासून अलग असावे, त्यात थोड्याच स्त्रिया असाव्यात, त्यांना स्वतंत्र खोल्या असाव्यात, अशी योजना त्यांनी मांडली. सहा महिन्यांत प्रसूतिपरिचारिका तयार होईल, सुईण नव्हे, असेही त्यांचे मत होते. रोगाच्या कारणाविषयी त्यांची समजूत अपुरी होती. त्यांचा भर दूषित हवा व गर्दी यांवर होता. सूतिकाज्वराच्या जंतूविषयीचे पाश्चर यांचे प्रतिपादन १८७९ मधील आहे. तरीही कारण पूर्णपणे न उमगता केवळ काटेकोर मोजदादीच्या बळावर त्या उचित उपायांच्या जवळ पोहोचल्या.

पुढे १९०२ च्या कायद्याने इंग्लंड व वेल्समध्ये सुईणींची नोंदणी सुरू झाली. त्याखालील आरंभीच्या नियमांत तीन महिन्यांचे शिक्षण व २० प्रसूतींचा प्रत्यक्ष अनुभव आवश्यक ठरविण्यात आला. जो कालावधी नाइटिंगेल यांना तोकडा वाटला होता, त्याच्याही निम्मा काळ कायद्याने पुरेसा मानला. अशा नियमांत विद्यार्थिनीने किती प्रसूती केल्या याची गणना होते. किंग्ज कॉलेजच्या शाळेचा इतिहास दुसऱ्या गणनेचे महत्त्व पटवितो : ज्या मातांच्या प्रसूतींवर हे शिक्षण घडले, त्यांपैकी किती सुखरूप घरी परतल्या. ही दुसरी नोंद ठेवली गेली म्हणूनच ती शाळा वेळीच बंद होऊ शकली. आणि प्रसूतिशिक्षणाच्या इतिहासात तिचे खरे स्थान या निर्णयामुळेच आहे.