विमान कोणाचें, विद्या कोणाची?

मावळांतील कार्ल्याचें चैत्यगृह श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. तेथील भव्य स्तंभ आणि छताच्या लांकडी फासळ्या पाहून परतणाऱ्या प्रवाशाचें लक्ष भिंतींवरील लहान लहान शिलालेखांकडे क्वचितच जातें. हें लेणें कोणा एका राजाच्या द्रव्यावर उभें राहिलेलें नाहीं. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकट येथील सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त, त्याच गांवचा सुतार स्वामी, तेथेंच राहणारे कित्येक यवन, अशा उद्यमी माणसांचीं नांवें दाते म्हणून तेथें कोरलेलीं आहेत. हाताच्या कामावर जगणारा सुतार श्रेष्ठींच्या व राजपुरुषांच्या पंक्तीस बसलेला दिसतो, ही गोष्ट सामान्य नव्हे.

कार्ल्याच्या भिक्षूंना करजिक गांव दान देणारा उषवदात हा क्षहरात राजा नहपान याचा जांवई. त्याचा नाशिकच्या लेण्यांतील लेख याहून बोलका आहे. त्यानें तीन हजार कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेंकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेंकडा पाऊण असें व्याज ठरलें. त्यांतून भिक्षूंच्या वस्त्रांचा व इतर खर्च चालावयाचा होता. राजाचा जांवई आपली ठेव विणकरांच्या संघाकडे सोंपवितो, याचा अर्थ उघड आहे. श्रेणी म्हणजे केवळ अधिक मजुरी मागणारी मंडळी नव्हती. हातांतील विद्या आणि गांठीचें भांडवल हीं दोन्ही तिच्याच घरीं नांदत होतीं.

पुढें ही जोड फुटली. ती कशी फुटली याची खूण कार्ल्याच्या डोंगरापासून फार दूर नाहीं. जी. आय. पी. रेल्वे कंपनीनें १८५६ सालीं भोर घाटांत लोहमार्गाचें काम सुरू केलें. इंजिनियर जेम्स बर्कले यांनीं आंखणी केली, फॅविएल नांवाच्या ठेकेदारानें काम अंगावर घेतलें, आणि हजारों मजूर कातळ फोडूं लागले. १८५९ च्या जानेवारींत, मजुरी हातीं पडत नाहीं या कारणावरून, या घाटांत मजुरांचा दंगा उसळला. त्याच वर्षीं फॅविएलनें काम सोडलें. त्याच्या जागीं आलेला सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत मरण पावला, आणि पुढील काम त्याच्या पत्नीच्या देखरेखीखालीं पार पडून १८६३ सालीं घाट खुला झाला. अशा तंट्यांनंतर १८६० सालीं मालक-मजूर तंट्यांचा कायदा झाला. मजुरीचा वाद मॅजिस्ट्रेटनें त्वरित निकालांत काढावा अशी सोय त्यांत होती. परंतु करार मोडणाऱ्या मजुरास शिक्षा करण्याचीहि सोय त्यांतच होती. मजुरीबद्दल बोलण्यास कामगाराला वाट मिळाली. काम कोणत्या यंत्रानें व्हावें, तें यंत्र कोणीं व केव्हां घ्यावें, याविषयीं त्याला विचारण्याचा प्रश्नच कोणाच्या मनांत आला नाहीं. १९३० च्या सुमारास याच घाटांत विजेचीं इंजिनें धांवूं लागलीं, तेव्हां वाफेच्या इंजिनावर आयुष्य वेंचलेल्या चालकाला नवी विद्या शिकणें प्राप्त झालें. नव्या इंजिनाचा निर्णय मात्र वरच्यावर झालेला होता.

लोहमार्गावरून आकाशमार्गाकडे नेणारा दुवा एका न्यायाधीशाच्या रूपानें सांपडतो. मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ति राजाध्यक्ष यांनीं १९४७ सालीं रेल्वे सेवकांच्या कामाच्या तासांविषयीं प्रसिद्ध निवाडा दिला. ज्या कामांत अखंड अवधान लागतें त्यास आठवड्याचे पंचेचाळीस तास आणि साधारण सलग कामास चौपन्न तास, अशी त्यांची वांटणी होती. श्रमाचें मोल नुसत्या तासांनीं न मोजतां अवधानाच्या ताणानेंहि मोजावें, हें तत्त्व त्यांत आहे. याच राजाध्यक्षांकडे १९५० सालीं हवाई वाहतुकीच्या चौकशीचें काम आलें.

त्या वेळची स्थिति मोठी चमत्कारिक होती. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन लहानसें पुस मॉथ विमान अहमदाबादमार्गें मुंबईच्या जुहू येथें उतरविलें, तेव्हां वैमानिक आणि कंपनीचा चालक एकच होता. विमान कोणतें घ्यावें हें ठरविणारा माणूस स्वतः तें चालवीत होता. पुढें महायुद्ध संपलें, लष्कराचीं शिलकी डाकोटा विमानें स्वस्तांत मिळूं लागलीं आणि कंपन्यांचें पेंव फुटलें. वाहतुकीच्या मानानें कंपन्या फार झाल्या आहेत, असा राजाध्यक्ष समितीचा निष्कर्ष होता. १ ऑगस्ट १९५३ रोजीं हवाई वाहतुकीचें राष्ट्रीयीकरण होऊन परदेशी मार्गांस एअर इंडिया आणि देशी मार्गांस इंडियन एअरलाइन्स अशीं दोन महामंडळें झालीं. विमानखरेदी आतां सरकारच्या संमतीची बाब झाली.

येथें वैमानिकाच्या विद्येचें एक वैशिष्ट्य ध्यानांत घेतलें पाहिजे. डॉक्टराची पदवी सर्व रोग्यांना चालते. वैमानिकाचा परवाना मात्र सर्व विमानांना चालत नाहीं. एका जातीच्या विमानावरून दुसऱ्या जातीच्या विमानावर जावयाचें तर त्याला पुन्हां विद्यार्थी व्हावें लागतें, कृत्रिम कक्षांत तास भरावे लागतात आणि परीक्षा द्यावी लागते. त्याच्या मिळकतीचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर अवलंबून असतो. उपवैमानिकाच्या उजव्या आसनावरून प्रमुखाच्या डाव्या आसनावर तो केव्हां बसेल, हें ज्येष्ठतेच्या यादीवर आणि कंपनीजवळ किती विमानें आहेत यावर ठरतें. म्हणून विमानांची मागणी नोंदविणाऱ्या कागदावर जेव्हां सही होते, तेव्हां शेंकडों घरांचें भवितव्य त्याच सहीनें ठरून जातें.

ही गोष्ट २००६ ते २०१२ या काळांत फार कडवटपणें प्रत्ययास आली. एअर इंडियानें बोइंग कंपनीकडे अडुसष्ट विमानांची मागणी केली; त्यांत सत्तावीस ड्रीमलायनर होतीं. इंडियन एअरलाइन्सनें एअरबसकडे त्रेचाळीस विमानांची मागणी नोंदविली. बहुतेक सर्व पैसा कर्जाचा होता, आणि या खरेदीवर महालेखापालांनीं २०११ सालीं कडक ताशेरे ओढले. मध्यंतरीं २००७ सालीं दोन्ही संस्था एकत्र करण्यांत आल्या. नांव एक झालें, परंतु वेतनाच्या पद्धति, ज्येष्ठतेच्या याद्या आणि वैमानिकांच्या संघटना दोनच राहिल्या. इंडियन एअरलाइन्सकडून आलेल्यांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन, तर जुन्या एअर इंडियाच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड. ‘गिल्ड’ म्हणजे आपली श्रेणीच. परंतु या श्रेणीपाशीं फक्त विद्या होती, भांडवल नव्हतें.

एप्रिल २०११ मध्यें पहिल्या संघटनेनें समान वेतनाच्या मागणीसाठीं संप केला. तो सुमारें दहा दिवस चालला. सरकारनें न्यायमूर्ति धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. दोन्ही संस्थांच्या सेवकांचें वेतन, ज्येष्ठता व बढती यांची सांगड कशी घालावी हें सांगणारा तिचा अहवाल जानेवारी २०१२ मध्यें आला. तो अंमलांत येण्यापूर्वींच दुसरा वणवा पेटला. ड्रीमलायनर विमानें येऊं घातलीं होतीं. गिल्डचें म्हणणें असें कीं, हीं विमानें विलीनीकरणापूर्वीं एअर इंडियानें मागविलीं. त्यांवरील शिक्षण आमचेंच. दुसऱ्या बाजूला गेलेलें प्रत्येक शिक्षण म्हणजे आमची लांबलेली बढती. व्यवस्थापनाचें उत्तर असें कीं, कंपनी एक, म्हणून विमानहि सर्वांचें. दोहोंकडील वैमानिकांस तें शिकविलें जाईल.

दोन्ही बाजूंत तथ्य होतें, आणि त्यांतच दुःख होतें. मे २०१२ मध्यें वैमानिक आजारपणाच्या रजेवर गेले. दिल्ली हायकोर्टानें हें वर्तन बेकायदा ठरविलें. गिल्डची मान्यता काढून घेण्यांत आली. सुमारें शंभर वैमानिक बडतर्फ झाले. अठ्ठावन्न दिवसांनीं, जुलैच्या प्रारंभीं, संप संपला. सप्टेंबरांत पहिलें ड्रीमलायनर भारतांत उतरलें, आणि पुढील जानेवारींतच बॅटरीच्या दोषामुळें जगभर त्या जातीचीं सर्व विमानें जमिनीवर खिळलीं. ज्यासाठीं एवढा कलह झाला तें विमानच कांहीं महिने उडूं शकलें नाहीं.

खासगी कंपन्यांत हा प्रश्न सुटला असें म्हणतां येत नाहीं. मुंबईच्या जेट एअरवेजमध्यें वैमानिकांनीं नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड स्थापन केली, दोघांना काढून टाकण्यांत आलें, आणि सप्टेंबर २००९ मध्यें वैमानिक सामुदायिक रजेवर गेले. प्रवाशांचे हाल झाले. अखेर तडजोड झाली. परंतु दहा वर्षांनीं, १७ एप्रिल २०१९ रोजीं, त्या कंपनीनें शेवटचें उड्डाण केलें तें कर्जाच्या ओझ्याखालीं. त्यापूर्वीं कित्येक महिने वैमानिकांना पुरें वेतन मिळालेलें नव्हतें. भांडवल चुकलें कीं त्याचा दंड विद्येला भरावा लागतो, तो असा.

वैमानिकांचा पक्ष सर्वस्वी निर्दोष आहे असें मात्र नव्हे. भर उन्हाळ्यांत विमानतळावर अडकलेल्या कुटुंबाचा या तंट्यांत काय अपराध होता? शिवाय २०१२ चा कलह मालक व सेवक यांच्याइतकाच सेवक व सेवक यांच्यांतील होता. ज्येष्ठतेच्या यादींतील आपला क्रमांक राखण्यासाठीं एका संघानें दुसऱ्या संघाला नव्या विद्येपासून दूर ठेवूं पाहावें, हें श्रेणीच्या नांवास शोभणारें नाहीं. विद्या ही वांटल्यानें वाढते, हें आपल्याकडे पोरासोरांनाहि ठाऊक आहे.

तरीहि मूळ दोष दुसरीकडे आहे. एकशें अकरा विमानांची मागणी आधीं झाली. तीं कोण चालविणार, त्यांना कोण शिकविणार, त्यांच्या बढतीचा क्रम काय, याचा विचार मागाहून झाला. घर बांधून झाल्यावर जिना कोठें काढावा हें विचारण्यासारखा हा प्रकार आहे. विमानांच्या आंखणीच्या वेळींच वैमानिकांचे प्रतिनिधि बोलावले असते, तर त्यांची प्रत्येक मागणी मान्य झाली असती असें नाहीं. परंतु शिक्षणाचा व ज्येष्ठतेचा गुंता सही होण्यापूर्वीं टेबलावर आला असता, न्यायालयांत नव्हे.

२७ जानेवारी २०२२ रोजीं एअर इंडिया पुन्हां टाटा समूहाकडे आली. पुढील वर्षीं तिनें चारशें सत्तर विमानांची मागणी नोंदविली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्यें विस्तारा कंपनी तींत विलीन झाली. म्हणजे पुन्हां एक मोठी खरेदी, पुन्हां एक विलीनीकरण, पुन्हां एकमेकींत मिसळावयाच्या ज्येष्ठतेच्या याद्या. २००६-०७ सालचा धडा गिरविण्याची अशी संधि इतिहास वारंवार देत नसतो.

नाशिकच्या लेखांतील श्रेणी परत आणतां येणार नाहीं. एका विमानाची किंमत कोणत्याहि संघाच्या गांठीला झेपणारी नाहीं, आणि विद्या व भांडवल हीं आतां दोन घरींच राहणार. परंतु दोन घरांमध्यें दार ठेवतां येतें. तें दार संप होईपर्यंत बंद ठेवावयाचें, कीं विमान मागविण्यापूर्वीं उघडावयाचें, एवढाच निर्णय मालकांच्या आणि वैमानिकांच्या हातीं उरला आहे.