हवाईची 'मिशनरी' तिकिटे: एका जुळाऱ्याच्या नजरेतून

1 ऑक्टोबर 1851 रोजी होनोलुलूच्या टपाल कचेरीत तीन तिकिटे विक्रीला आली: 2 सेंट, 5 सेंट आणि 13 सेंट. हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होते, गादीवर तिसरा कामेहामेहा, आणि पोस्टमास्तर होता हेन्री व्हिटनी. आपल्याकडचे 'सिंद डाक' हे तिकीट निघायला अजून काही महिने होते. छपाई झाली 'पॉलिनेशियन' या सरकारी वर्तमानपत्राच्या छापखान्यात. राजाचे चित्र नाही, कोरीव ठसा नाही. मध्ये आकडा, भोवती वेलबुट्टीचे तुकडे, बाहेर रेघांची चौकट, शाई निळी.

माझ्या उमेदीची वर्षे छापखान्यात खिळे जुळवण्यात गेली. या तिकिटांचे मोठे केलेले फोटो पाहिले आणि कळले की हे काम पावतीपुस्तके आणि लग्नपत्रिका जुळवणाऱ्या हातांचे आहे. म्हणूनच माझे ठाम मत आहे की ही तिकिटे पारखायची तर आधी जुळाऱ्यासारखे पाहायला शिकावे, बाजारभाव त्यानंतर.

प्रत्येक किमतीचे तिकीट दोनदा जुळवून शेजारीशेजारी छापलेले आहे. मजकूर एकच, पण दोन्हींत 'पोस्टेज'मधला 'पी' नेमका त्याच जागी पडलेला नाही. हाताने जुळवताना हे टळतच नाही. मधला स्पेस केसभर जाड बसला की अख्खी ओळ सरकते. शिवाय प्रत्येक खिळ्याची झीज निराळी: कुठे कड उडालेली, कुठे चौकटीची रेघ कोपऱ्याला नीट न भिडलेली. या खुणांवरून पहिला प्रकार कोणता नि दुसरा कोणता हे ठरते, आणि खोटेही इथेच उघडे पडते.

13 सेंटांचा हिशेब मला फार आवडतो. 5 सेंट हवाईचे, 2 सेंट जहाजाच्या कप्तानाचे, 6 सेंट अमेरिकेतल्या टपालाचे. पण तिकिटावर फक्त 'हवाईयन पोस्टेज' असल्याने अमेरिकेतले कारकून गोंधळत, म्हणून 1852 मध्ये दोन्ही देशांचा उल्लेख असलेली नवी ओळ जुळवली गेली. बेटांवरच्या मिशनऱ्यांनी घरी धाडलेल्या पत्रांवर ही तिकिटे पुढे सापडत गेली. नाव तिथूनच पडले.

2 सेंटांचे तिकीट वर्तमानपत्रांसाठी होते. वर्तमानपत्राचे वेष्टन कोण जपून ठेवणार? आज त्याच्या जेमतेम पंधरा-सोळा प्रती माहीत आहेत. लिफाफ्यावर टिकलेली एकच, न्यूयॉर्कच्या डॉसन कुटुंबाला गेलेल्या पत्रावरची. त्या लिफाफ्यावर 2 आणि 5 सेंटांची हवाईची तिकिटे आहेत आणि 3 सेंटांची दोन अमेरिकी: तोच तेरा सेंटांचा हिशेब, सुटा करून मांडलेला. जुन्या कागदांबरोबर तो लिफाफा एका भट्टीत कोंबला गेला होता. जळल्याची खूण अजून आहे. 1995 मध्ये तो सुमारे 20 लाख डॉलरना विकला गेला.

या तिकिटांचा कागद इतका पातळ आहे की बहुतेक प्रती फाटलेल्या, मागून चिकटवून सांधलेल्या. अशी दुरुस्ती उघड सांगितलेली असेल तर प्रत अस्सलच राहते, फक्त किंमत उतरते. लपवलेली दुरुस्ती मात्र फसवणूक.

मोठा वाद ग्रिनेल तिकिटांचा. 1919 मध्ये लॉस एंजेलिसच्या जॉर्ज ग्रिनेल या शिक्षकाला 'मिशनरी' तिकिटांचा मोठा साठा मिळाला. त्यातली 43 तिकिटे जॉन क्लेमन या व्यापाऱ्याने 65,000 डॉलरना घेतली आणि ती नकली असल्याचे सांगत तो कोर्टात गेला. 1922 च्या खटल्यात वाद अखेर आपल्या धंद्याच्या प्रश्नावर येऊन ठेपला: ही खऱ्या खिळ्यांनी छापली, की फोटोवरून केलेल्या ब्लॉकने? कोर्टाने ती नकली ठरवली. वारसांनी हार मानली नाही. शेवटी लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीने ती तपासली आणि 2004 मध्ये तोच निर्णय दिला. वारसांची निष्ठा मला मनापासून पटते, पण निकाल बरोबर आहे असेच मी मानतो. मालकाच्या सचोटीने तिकीट अस्सल होत नाही.

तुमच्या अल्बममध्ये हवाईचे तिकीट असेल, तर ते बहुधा पुढच्या काळातले असेल. 17 जानेवारी 1893 ला राणी लिलिउओकलानीची सत्ता उलथवली गेली आणि नव्या सरकारने उरलेल्या तिकिटांवर लाल किंवा काळ्या शाईत आपले नाव व साल छापले. यांतली बरीचशी स्वस्तात मिळतात, मोजकी अतिदुर्मिळ आहेत, आणि त्या मोजक्यांसाठीच खोटी छपाई होते. वापरलेल्या तिकिटावर भिंग धरा आणि दोन शायांचा क्रम पाहा. वरची छपाई टपालाच्या शिक्क्याखाली गेलेली दिसली पाहिजे. ती शिक्क्याच्या वर बसली असेल, तर तिकीट वापरून झाल्यावर कोणीतरी छापली आहे. विकणारा कितीही कळकळीने बोलत असला तरी घेऊ नका.