गुन्हेगार जमाती : एक साचेबंद प्रतिमा

एखाद्या समाजगटातील काहींच्या वागण्यावरून, किंवा निव्वळ ऐकीव गोष्टींवरून, साऱ्या गटाचा स्वभाव ठरवून टाकणारी समजूत म्हणजे साचेबंद प्रतिमा. अमकी जात चिकट, तमक्या गावचे लोक भांडखोर, असल्या समजुती बहुधा थट्टेवारी खपतात. राजसत्तेने अशी समजूत कायद्यात उतरवली की काय होते, हे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने दाखवले.

अशी प्रतिमा बहुधा तुटक ओळखीतून घडते. पालावर राहणाऱ्या भटक्यांशी गावाचा संबंध बाजार, खेळ आणि चोरीचा संशय एवढ्यापुरताच असे. ब्रिटिश अंमलदारांना सारा भरणारी, एका जागी राहणारी रयत हवी होती. फिरस्ता माणूस त्यांच्या दप्तरात बसत नव्हता. ठगांविरुद्धच्या मोहिमेपासून पिढीजात गुन्हेगारीची कल्पनाही रुजली होती. सुतारकी बापाकडून मुलाकडे जाते तशी चोरीही जाते, असा सोयीचा तर्क मग लढवला गेला. बैलांच्या तांड्यांवर धान्य आणि मीठ वाहणाऱ्या लमाणांचा धंदा रेल्वेने बुडवला, हे त्या तर्कात कोठेच नव्हते. पुरंदरसारख्या गडाची राखण करणारे रामोशी हक्क गेल्यावर इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या उमाजी नाईकांच्या मागे उभे राहिले होते. १८३२ मध्ये उमाजींना पुण्यात फाशी झाली. सरकारी दप्तरात मात्र रामोशी म्हणजे दरोडेखोर, एवढेच उरले.

एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की त्याविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नसे. नावनोंदणी, हजेरी, गाव सोडायचे तर परवाना, असे निर्बंध त्यामागोमाग येत. १९११ च्या कायद्याने मुंबई इलाखाही या व्यवस्थेत आला. अशा जमातींना ठेवण्यासाठी उभारलेल्या सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीला लोक आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. तिथल्या रहिवाशांना कापड गिरण्यांत कामाला लावले जाई. सुधारणेच्या नावाखाली गिरण्यांना मजूरही मिळत होते, हे विसरता येत नाही.

या समजुतीवर शंका घ्यायची ती तिच्या पुराव्यापासूनच. हजेरी चुकवणे हाच गुन्हा असल्याने भावाच्या लग्नाला विनापरवाना गेलेला माणूसही शिक्षेस पात्र ठरे. चोरी झाली की पोलीस आधी त्याच वस्तीत शिरत, म्हणून अटकाही तिथेच जास्त होत. शिक्षांचा आकडा फुगला की जमात गुन्हेगार असल्याचे सिद्ध झाले, असे मानले जाई. ज्यांच्यावर पाळतच नव्हती अशांचे गुन्हे या हिशेबात येतच नसत. जमातीतल्या कष्टकऱ्यांची नोंद ठेवणारे रजिस्टरही नव्हते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. मात्र राज्यांच्या सराईत गुन्हेगारांविषयीच्या कायद्यांनी पाळत ठेवण्याची वाट मोकळीच ठेवली. हे जिणे आतून कसे असते ते लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने मराठी वाचकांपुढे ठेवले, त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. फिरस्त्यांवरचा संशय केवळ अधिसूचित जमातींपुरता राहिला नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारले. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारागृह नियमावल्यांतील जातवार कामवाटपाच्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि विमुक्त जमातींतील लोकांना मनमानीने अटक होऊ नये, असेही पोलिसांना बजावले.