मुदत संपलेला भाडेकरू

भाडेकरूला जागेतून काढणे म्हणजे काय असते, हे मुंबई-पुण्याच्या घरमालकांना कुणी सांगायला नको. पण या बाबतीत पॅरिस नगरपालिकेचा अनुभवही काही कमी नाही. वीस वर्षांच्या बोलीवर सीन नदीकाठी आलेला त्यांचा एक भाडेकरू अजून हललेला नाही. त्याचे नाव आयफेल टॉवर.

फ्रेंच राज्यक्रांतीची शताब्दी म्हणून १८८९ साली पॅरिसात जागतिक प्रदर्शन भरायचे होते. त्यासाठी तीनशे मीटर उंच लोखंडी मनोरा उभारावा ही मूळ कल्पना केश्लँ आणि नूगिए या दोन इंजिनियरांची. नाव लागले ते कंपनीचे मालक गुस्ताव्ह आयफेल यांचे. कचेऱ्या सगळीकडे सारख्याच! सरकारने पंधरा लाख फ्रँक दिले, बाकीची सोय आयफेलसाहेबांनी केली. बदल्यात वीस वर्षे तिकिटांचे पैसे त्यांचे. पुढे मनोरा पालिकेचा. ठेवा, नाहीतर मोडीत काढा.

१८८७ च्या जानेवारीत पाया खणायला घेतला आणि फेब्रुवारीत बड्या कलावंतांनी वर्तमानपत्रात निषेधाचे पत्र छापले. मनोरा निरुपयोगी आहे आणि राक्षसीही आहे, असे त्यांचे म्हणणे. सह्या करणारांत कथाकार मोपासाँ होते. पुढे ते जेवायला नेमके मनोऱ्यावरच्याच हॉटेलात जात, असे सांगतात. कारण काय, तर पॅरिसात तो न दिसणारी तेवढी एकच जागा! सामान्य माणसाला असले पथ्य नव्हते. लिफ्ट सुरू व्हायच्या आधीच लोक जिने चढू लागले. प्रदर्शनाच्या काळात सुमारे वीस लाख माणसे वर जाऊन आली.

पण जत्रा उठली की पाळणेवाल्याचे जे होते तेच झाले. गर्दी ओसरली आणि मुदत जवळ येऊ लागली. 'राक्षसी'वर इलाज नव्हता, 'निरुपयोगी'वर होता. आयफेलनी वर हवामानाची यंत्रे बसवली, वाऱ्याचे प्रयोग केले. १८९८ मध्ये माथ्यावरून चार किलोमीटर दूरच्या पाँतेआँपर्यंत बिनतारी संदेश गेला. मग त्यांनी लष्कराला सांगितले, तारा बांधा, खर्च माझा. कॅप्टन फेरिए यांनी त्या बांधल्या. बिनतारीला उंच खांब लागतो, आणि एवढा उंच खांब दुसरा कुठून आणणार? १९१० पासून करार आणखी सत्तर वर्षांनी वाढला.

आज वर्षाला साठ लाखांवर माणसे तिथे जातात आणि 'काय सुंदर!' म्हणतात. बरोबरच आहे. पण सुंदर ठरायला आधी जगावे लागते. त्याच प्रदर्शनात यंत्रांसाठी एक भव्य दालन उभारले होते. शंभर मीटरहून अधिक रुंद, आणि मध्ये एकही खांब नाही. तेही लोखंडाचेच, तितकेच नवलाचे. मनोऱ्याचा करार वाढला त्याच १९१० साली ते पाडून टाकले. त्याच्या डोक्यावर तार बांधावी असे कुणाला वाटले नाही.