खुर्ची आणि मर्जी

बी.कॉम.ला आम्हाला मर्कंटाइल लॉ नावाचा विषय होता. कायदा आपला, मास्तर सोलापूरचे, पण खटले मात्र बहुतेक साहेबाच्या देशातले. नाकात कार्बोलिकची पूड सोडणारा रबरी चेंडू जाहिरातीबरहुकूम वापरूनही कार्लिल नावाच्या बाईंना फ्लू झाला आणि कोर्टाने १८९२ साली त्यांना कंपनीकडून शंभर पौंड देववले, हे आमच्या वर्गातल्या शेवटच्या बाकालाही पाठ होतं. कंपनीला एका बाईपुढे वाकायला लावणारे ते न्यायाधीश! त्यांना कुणाच्या बापाची भीती नसणार, असं कुणालाही वाटेल.

पण त्यांची जुनी लेजरं काढून बघा. त्या खुर्चीचे चारही पाय एके काळी एकाच माणसाच्या हातात होते, आणि तो माणूस म्हणजे राजा. न्यायाधीशाची नेमणूक व्हायची ती राजाची मर्जी असेतोवर. आता 'मर्जी' म्हणजे काय, हे नोकरदार माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडे एडवर्ड कुक नावाचे एक न्यायाधीश होते. स्पेलिंग 'कोक', उच्चार 'कुक'. इंग्रजी स्पेलिंगला न्याय मिळायचा अजून बाकी आहे. तर १६०७ साली पहिल्या जेम्स राजाच्या मनात आलं, की कायदा जर बुद्धीवर चालतो, तर बुद्धी आम्हालाही आहे, मग खटल्यांचा निकाल आम्हीच का देऊ नये? कुकसाहेब म्हणाले, महाराजांची बुद्धी थोरच. पण कायद्याची बुद्धी जन्माने येत नाही, ती वर्षानुवर्षं घासून कमवावी लागते. राजा भडकला. म्हणजे आम्ही कायद्याच्या खाली? यावर कुकनी जुना दाखला काढला, की राजा कुठल्याही माणसाच्या खाली नसतो, पण देवाच्या आणि कायद्याच्या खाली असतो.

हे सगळं कुकनी स्वतःच लिहून ठेवलंय. त्या काळातल्या दुसऱ्या एका हकिकतीप्रमाणे राजा तापलेला पाहताच साहेब चक्क हातापायांवर आले आणि क्षमा मागू लागले. मीटिंगचं मिनिटबुक जो लिहितो तोच मीटिंगमध्ये सर्वांत शूर ठरतो, हा अनुभव आपल्याकडचाही आहे.

पुढे १६१३ साली राजाने कुकना बढती दिली. 'कॉमन प्लीज' कोर्टातून उचलून 'किंग्ज बेंच'वर बसवलं. मान मोठा, मिळकत कमी! सल्ला फ्रान्सिस बेकनचा. बढतीचं पत्र पाहून कुकसाहेबांचा चेहरा पडला, यात मला मुळीच नवल वाटत नाही. आमच्या शाखेत बढतीचं पत्र येणार अशी कुणकुण लागताच रजेवर जाणारे तिघे आहेत.

खरी परीक्षा झाली ती १६१६ साली. राजाच्या अधिकाराशी निगडित एक खटला चालू होता. राजाने निरोप धाडला, माझ्याशी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका. बाराही न्यायाधीशांनी सह्या करून कळवलं, की असा हुकूम कायद्यात बसत नाही. राजाने सगळ्यांना बोलावून घेतलं. बाराच्या बारा गुडघ्यांवर. मग एकच प्रश्न : पुढच्या वेळी मी थांबा म्हटलं, तर थांबाल ना? अकरा जण 'होय महाराज' म्हणाले. कुक तेवढे म्हणाले, त्या वेळी न्यायाधीशाला जे शोभेल ते मी करीन. त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांची खुर्ची गेली.

इतिहासाची पुस्तकं इथे कुकना हार घालून मोकळी होतात. माझं लक्ष मात्र त्या अकरांवरून हलत नाही. त्यांना भ्याड म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्यांनाही घरी भाडं, मुलाबाळांची शिक्षणं, लग्नाला आलेल्या मुली असतीलच. आदल्या सहीपुरतं धैर्य त्यांच्याकडे होतं. पण खुर्चीचे पाय दुसऱ्याच्या हातात असले, की माणसाचे स्वतःचे पाय लटपटायला लागतात.

पुढच्या राजांनीही हे पाय हलवून पाहिले. दुसऱ्या जेम्सला १६८६ साली आपल्या मताचे बारा न्यायाधीश हवे होते. सर टॉमस जोन्स त्याला म्हणाले, महाराजांना आपल्या मताचे बारा न्यायाधीश मिळतीलही, पण बारा कायदेपंडित मिळणं कठीण. अशी गोष्ट सांगतात. जोन्सना काढलं हे मात्र गोष्टीतलं नाही, इतिहासातलं आहे. दोनच वर्षांत खुद्द राजालाही देश सोडून पळावं लागलं.

शेवटी पार्लमेंटनं १७०१ साली कायदा केला : न्यायाधीश नीट वागतोय तोवर त्याला हात लावायचा नाही, त्याचा पगार ठरलेला असेल आणि त्याला काढायचं तर पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी मिळून तसं मागायला हवं. १७१४ साली नवं राजघराणं आलं आणि हे कलम लागू झालं. या वाटेने आजवर एकच न्यायाधीश गेला, तो म्हणजे आयर्लंडचा सर जोना बॅरिंग्टन, १८३० साली. गुन्हा काय? कोर्टात भरलेले लोकांचे पैसे त्याने स्वतःकडे वळवले. कॅशमधला घोळ शेवटी उघडकीला येतोच. फक्त तपासणीस चिकट हवा.

गंमत अशी, की स्वतःच्या न्यायाधीशांना हे कवच देऊन दीड शतक उलटल्यावर १८६२ साली याच साहेबांनी मुंबईला हायकोर्ट थाटलं आणि तिथल्या न्यायमूर्तींची नेमणूक कशी केली? राणीची मर्जी असेतोवर! चांगला माल घरी, उरलेला वसाहतीला. दोन्ही सभागृहांचं ते कुलूप आपल्या न्यायमूर्तींच्या खुर्चीला लागलं ते १९५० साली, आपल्या राज्यघटनेनं.

राजा बाजूला झाला, तरी एक माणूस खुर्चीत उरतोच : न्यायाधीश स्वतः. लॉर्ड कॉटनहॅम हे लॉर्ड चॅन्सलर. त्यांनी एका कालवा कंपनीच्या बाजूने निकाल कायम केला. मग कळलं, की साहेबांकडे त्याच कंपनीचे काही हजार पौंडांचे शेअर्स आहेत. १८५२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो निकाल रद्द केला. आणि रद्द करताना काय म्हणाले? कॉटनहॅमांच्या मनाला त्या शेअर्सचा स्पर्शही झाला असेल असं कुणीच म्हणणार नाही. तरीपण रद्द!

पण माझा सगळ्यात आवडता खटला १९२३ सालचा, ससेक्स परगण्यातला. एका मोटारसायकलवाल्याला अपघाताबद्दल शिक्षा झाली. न्याय देणाऱ्यांच्या पाठोपाठ त्यांचा कारकून आतल्या खोलीत गेला होता, आणि तो ज्या वकिलांच्या फर्मचा, ती फर्म त्याच अपघाताच्या भरपाईसाठी समोरच्या पार्टीचं काम पाहत होती. खोलीत त्याला कुणी काही विचारलं नाही. तोही चकार शब्द बोलला नाही. तरी वरिष्ठ कोर्टाने शिक्षा रद्द केली. न्याय नुसता होऊन भागत नाही, तो होताना लखलखीत दिसलाही पाहिजे, असं लॉर्ड ह्यूअर्ट म्हणाले, आणि ते वाक्य जगभर गेलं. एका कारकुनाच्या नुसत्या बसण्यातून एवढं मोठं तत्त्व निघाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या माहितीत नाही. आम्हीही बसतो, पण त्यातून फार तर मेमो निघतो.

हे तत्त्व पुस्तकात पडून राहिलेलं नाही. १९९८ साली चिलीचा हुकूमशहा पिनोचेट याच्या विरुद्धचा निकाल त्याच हाउस ऑफ लॉर्ड्सने स्वतःच फिरवला. कारण पाच न्यायमूर्तींपैकी एक, लॉर्ड हॉफमन, हे अॅम्नेस्टी या संस्थेच्या धर्मादाय कंपनीचे अध्यक्ष होते, आणि अॅम्नेस्टी त्या खटल्यात बाजू मांडत होती. दमडीचा फायदा नव्हता, तरी पुन्हा सगळी सुनावणी पहिल्यापासून. १९९९ साली निकाल आला, तोही पिनोचेटच्या विरुद्धच.

बँकेतही स्वतःच्या खात्यातलं व्हाउचर स्वतः पास करायचं नसतं. आमचे हेडक्लार्क इतके सरळ, की रस्त्यात सापडलेलं पाच रुपयांचं नाणं पोलीस चौकीत नेऊन देतील. त्यांचाही चेक दुसराच कुणीतरी पास करतो, आणि त्यात त्यांना कधी अपमान वाटलेला नाही. उलट त्यामुळेच ते रात्री शांत झोपतात.

१७०१ सालचा तो कायदा कुकसाठी नव्हताच. कुकनी कायदा नसतानाही जे बोलायचं ते बोलून घेतलं. तो होता त्या गुडघे टेकलेल्या अकरांसाठी. शूर माणूस शतकातून एखादा निपजतो, आणि खटले तर रोज सकाळी उभे राहतात. ते ऐकायला बसतात तुमच्याआमच्यासारखीच माणसं. त्यांना पहिल्या तारखेचा पगार कुणाच्या मर्जीशिवाय मिळाला, तर त्यांतले बरेचसे उभं राहूनच उत्तर देतील.